एच-४ वरचं मूल एकविसाचं होण्याआधी: तारखा, हिशेब आणि अर्जांचा क्रम

गणपतीत मंडळाच्या हॉलबाहेर चपला शोधताना कुणीतरी हमखास बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "आम्ही ग्रीन कार्डचं आय-४८५ फाइल केलंय. म्हणजे मुलाचं वय लॉक झालं ना?" दुसरा म्हणतो, "आमच्या मुलीचं सीएसपीए वय वीसच आहे, मग तिचं एच-४ चालूच राहील की." दोघंही शिकलेले, दोघांच्याही फायली नीट लावलेल्या, आणि दोघंही चुकतायत.

चूक एकाच जागी होते. अमेरिकेत आईवडिलांच्या एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर आलेल्या मुलाची दोन घड्याळं चालू असतात. एक एच-४ स्टेटसचं, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदार-मुलांना मिळणाऱ्या मुक्कामाचं. ते एकविसाव्या वाढदिवशी थांबतं, त्यात सवलत नाही. दुसरं ग्रीन कार्डच्या वयाचं. त्याला २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टची, म्हणजे सीएसपीएची, थोडी ढील मिळते. दुसऱ्या घड्याळात वेळ शिल्लक आहे म्हणून पहिलं पुढे चालत नाही.

कायदेशीर स्टेटस नसलेल्या, लहानपणी अमेरिकेत आलेल्या 'ड्रीमर' मुलांसाठीचा डाका (DACA) कार्यक्रम आपल्या एच-४ मुलांच्या कामाचा नाही, हेही आधीच सांगून टाकतो. त्यात बसायला १५ जून २०१२ ला कायदेशीर स्टेटस नसणं ही अट होती. आपली मुलं तेव्हा एच-४ वर असतील, तर नियम पाळले म्हणूनच ती बाहेर राहिली. या मुलांसाठीची विधेयकं अमेरिकी संसदेत मांडली गेली आहेत, पण कायदा झालेला नाही. त्यांच्या भरवशावर तारखा ठरवू नका.

हे सगळं मूल सोळा-सतरा वर्षांचं असताना सुरू करा. विसाव्या वर्षी सुरू केलं तर निम्मे रस्ते बंद झालेले असतात.

## तयारी: आधी हे कागद टेबलावर मांडा

- मुलाचा सध्याचा आय-९४, म्हणजे देशात कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ती नोंद. सीबीपीच्या (अमेरिकी सीमा खात्याच्या) वेबसाइटवरून आजच्या तारखेला काढलेला, जुना प्रिंट नको.
- मुलाचा पासपोर्ट आणि एच-४ मंजुरीची शेवटची नोटीस, आय-७९७.
- आई किंवा बाबा, ज्यांच्या नावावर ग्रीन कार्डची फाइल आहे, त्यांच्या आय-१४० ची (कंपनीने ग्रीन कार्डासाठी भरलेल्या अर्जाची) मंजुरी. एकापेक्षा जास्त आय-१४० असतील तर सगळ्या.
- मुलाचा जन्मदाखला आणि आईवडिलांचा विवाहदाखला.

आय-१४० ची प्रत कंपनीकडे असते आणि काही कंपन्या ती द्यायला खळखळ करतात. निदान पावती क्रमांक, मिळाल्याची तारीख आणि मंजुरीची तारीख एवढं तरी लेखी मागून घ्या. नोकरी सोडल्यावर मागायला गेलात तर दारात कुणी उभं करत नाही.

जन्मदाखल्यावर आत्ताच नजर टाका. आपल्याकडचे जुने दाखले बाळाचं नाव ठरण्याआधी नोंदवलेले असतात आणि नावाची जागा कोरीच राहते. कधी आईचं माहेरचं नाव दाखल्यावर आणि सासरचं पासपोर्टवर. कधी वडिलांचं नाव एका कागदावर 'दत्तात्रय' आणि दुसऱ्यावर 'दत्तात्रेय'. नाव घालून घेणं, दुरुस्ती करणं ही कामं गावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होतात आणि तिथे कुणीतरी खेटे घालावे लागतात. त्याला महिने लागतात, म्हणून आत्ता. फक्त मराठीत असलेल्या कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

## टप्पा १: एच-४ ची खरी शेवटची तारीख शोधा

तीन तारखा लिहा: आय-९४ वरची, एच-४ मंजुरीवरची आणि एकविसाव्या वाढदिवसाची. व्हिसा स्टॅम्पवरची तारीख यात धरू नका. ती देशात शिरण्यासाठी असते, राहण्यासाठी नाही.

पहिल्या दोन तारखांत फरक दिसला, तर नंतर दिला गेलेला कागद कोणता ते बघा. साधारणपणे तोच चालतो. देशात शिरताना मिळालेला आय-९४ मंजुरीपेक्षा नंतरचा असेल तर मंजुरीवरची लांबची तारीख विसरायची. आणि यातली कोणतीही तारीख वाढदिवसाच्या पुढची असली, तरी स्टेटस वाढदिवसालाच संपतं.

इथे घात होतो: भारतात लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. सुट्टीहून परत येताना विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. आईवडिलांना २०२७ पर्यंत, मुलाला पुढच्या मार्चपर्यंत. आमच्या घरी हेच झालं होतं. चौघांचे आय-९४ काढले, तीन सारखे, चौथा सव्वा वर्षाने आखूड. नवीन पासपोर्ट आणला की आय-९४ आपोआप वाढेल असं मी धरून चाललो होतो. तो वाढत नाही. एकतर आय-५३९ भरून मुदत वाढवायची, नाहीतर नवा पासपोर्ट घेऊन बाहेर जाऊन परत यायचं, तेही जुनी तारीख उलटण्याआधी.

तारीख उलटून गेली असेल तर घाबरून गप्प बसू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाचे बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जात नाहीत, आणि नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचा एकूण १८० दिवसांपर्यंतचा खंड माफ होऊ शकतो. पण स्टेटस तुटलेलंच असतं, आणि इथून पुढचं पाऊल वकिलाशिवाय टाकू नका.

तपासा: दर परदेशवारीनंतर, घरी पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी, प्रत्येकाचा आय-९४ काढून बघितला का?

## टप्पा २: सीएसपीए वय काढा

सूत्र एका ओळीचं आहे. ग्रीन कार्डचा नंबर उपलब्ध झाला त्या दिवशीचं मुलाचं वय, त्यातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होतं ते दिवस वजा. उत्तर एकविसाच्या आत हवं आणि मूल अविवाहित हवं.

आय-१४० च्या मंजुरीच्या कागदावर तीन तारखा असतात आणि लोक नेमकी नको ती उचलतात. 'रिसीव्ह्ड डेट' म्हणजे अर्ज पोचला तो दिवस. 'नोटिस डेट' म्हणजे, मंजुरीच्या कागदावर, मंजुरीचा दिवस. या दोघींमधले दिवस मोजायचे. 'प्रायॉरिटी डेट' ही रांगेतली जागा आहे, तिचा वजाबाकीशी संबंध नाही. पर्मचा, म्हणजे लेबर सर्टिफिकेशनचा, अर्ज वर्षभर अडकला असेल तरी ते दिवस वजा होत नाहीत. 'रांगेत बारा वर्षं उभे आहोत, ती वजा करा' असं म्हणणारे खूप भेटतात. कायद्याने रांग वजा होत नाही, फक्त आय-१४० च्या कारकुनीला लागलेले दिवस वजा होतात.

'नंबर उपलब्ध झाला' म्हणजे कोणता दिवस? परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये तुमची प्रायॉरिटी डेट करंट झाली, म्हणजे तिची पाळी आली, त्या महिन्याची पहिली तारीख, किंवा आय-१४० ची मंजुरी, दोन्हींत जी नंतरची असेल ती.

हिशेब करून दाखवतो. तारखा मी समजुतीसाठी घेतल्या आहेत.

मुलाचा जन्म २० नोव्हेंबर २००४. आय-१४० पोचलं ३ मार्च २०१४ ला, मंजूर झालं १९ ऑक्टोबर २०१४ ला. प्रलंबित दिवस २३०. तारीख करंट झाली एप्रिल २०२६ च्या बुलेटिनमध्ये, म्हणून १ एप्रिल २०२६ धरायची. त्या दिवशी मुलगा एकवीस वर्षं १३२ दिवसांचा. त्यातून २३० गेले, म्हणजे तो एकविसाला अजून ९८ दिवस कमी आहे. वाचला.

आता हेच आय-१४० प्रीमियममधून (जादा फी भरून, लवकर निकाल मागून) चौदा दिवसांत मंजूर झालं असतं, तर तो एकवीस वर्षं ११८ दिवसांचा ठरला असता. बाद.

एवढ्यावर थांबू नका, उलटा हिशेबही करा. एकविसाव्या वाढदिवसात २३० दिवस मिळवले की ८ जुलै २०२६ येते. बुलेटिनची तारीख महिन्याच्या पहिलीला धरतात, म्हणून या मुलासाठी जुलै २०२६ हे शेवटचं बुलेटिन. ऑगस्टमध्ये करंट होऊन उपयोग नाही. 'शेवटचं बुलेटिन' कोणतं हे ज्या घरात माहीत असतं तिथले निर्णय शांतपणे होतात, असा माझा अनुभव आहे. फ्रिजवर चिकटवा.

खबरदारी, आणि हीच सध्याची सगळ्यात मोठी: बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. चार्ट ए, अंतिम कारवाईच्या तारखांचा, आणि चार्ट बी, अर्ज भरण्याच्या तारखांचा. आय-४८५ कोणत्या तक्त्यावर भरता येईल हे यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, दर महिन्याला जाहीर करतं. १४ फेब्रुवारी २०२३ पासून चार्ट बी वर अर्ज भरायची मुभा असेल तर वयही त्याच तक्त्यावर थांबायचं. १५ ऑगस्ट २०२५ पासून भरलेल्या अर्जांना हे लागू नाही. वय आता चार्ट ए वरच मोजतात. त्या दिवसाआधीपासून प्रलंबित असलेल्या अर्जांना जुना नियम राहिला.

अर्थ असा, की आज चार्ट बी वर आय-४८५ भरलं, पावती आली, बोटांचे ठसेही झाले, तरी मुलाचं वय चालूच आहे. चार्ट ए पोचेपर्यंत हिशेबाचं वय एकवीस झालं तर तो अर्ज नामंजूर होतो. चपलांपाशी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. समाजमाध्यमांवर २०२३-२४ मधले सल्ले अजून फिरतायत. पोस्टची तारीख बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

## टप्पा ३: हातात काय आहे ते बघा

प्रीमियम. नवीन आय-१४० भरायचं असेल आणि मूल काठावर असेल, तर प्रीमियम हवं का हे कंपनीच्या वकिलाला आधी विचारा. त्यांची सवय लवकर काम संपवायची असते. तुमच्या मुलाला मात्र उशीरच हवा असतो. अर्थात एच-१बी ची सहा वर्षं संपत आली असतील आणि मुदतवाढीसाठी मंजूर आय-१४० लागत असेल, तर घर टिकवणं आधी. आणि तारीख आधीच करंट असताना आय-१४० भरत असाल तर प्रीमियमने फरक पडत नाही. अशा वेळी अर्ज भरला त्या दिवशीचंच वय हिशेबात येतं.

नोकरी बदल. जुनी प्रायॉरिटी डेट सहसा नव्या कंपनीकडे नेता येते. जुने प्रलंबित दिवस नेता येत नाहीत. ज्या आय-१४० वर आय-४८५ उभं असेल त्याचेच दिवस मोजतात आणि दोन अर्जांच्या दिवसांची बेरीज होत नाही. जुन्या कंपनीत चारशे दिवस मिळाले होते आणि नव्या कंपनीने दहा दिवसांत मंजुरी आणून दिली, तर पेढे वाटण्याआधी वजाबाकी करा.

जोडीदाराचा जन्म. रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्माच्या देशावर ठरते. अर्जदार साताऱ्यात जन्मला असेल पण बायको मस्कतला किंवा दुबईला, तर सगळं कुटुंब तिच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहू शकतं, आणि ती रांग बहुधा कितीतरी लहान असते. मुलाच्या जन्मदेशावर मात्र आईवडिलांना हा फायदा मिळत नाही. ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणी न विचारल्यामुळे राहून गेलेली मी पाहिली आहे.

रांगेचा वारसा नाही. मूल एज आउट झालं, म्हणजे हिशेबाच्या वयाने एकविसाला पोचून बाद झालं, की आईवडिलांची प्रायॉरिटी डेट त्याला मिळत नाही. त्याला स्वतःच्या नोकरीतून नव्याने सुरुवात करावी लागते.

## टप्पा ४: एफ-१ ची दुसरी वाट आधीच बांधा

शेवटचं बुलेटिन गाठेल अशी खात्री नसेल (आणि भारताच्या रांगेत खात्री कसली), तर वाढदिवसाआधी मुलाला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या स्टेटसवर, न्यायचं. क्रम असा:

1. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला सांगा की एच-४ वरून एफ-१ ला जायचं आहे. एच-४ वर शिकणाऱ्या मुलाकडे आय-२० (कॉलेजने एफ-१ साठी द्यायचा दाखला) नसतो, तो मागावा लागतो.
2. आर्थिक क्षमतेचे कागद द्या, आय-२० घ्या, त्यावरची माहिती पासपोर्टशी ताडून बघा.
3. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी भरा, पावती जपा.
4. स्टेटस बदलासाठी आय-५३९ भरा. एकविसाव्या वाढदिवसाआधी आणि आय-९४ चालू असताना तो यूएससीआयएसकडे पोचलेला हवा. पोस्टात टाकलेला चालत नाही.

मी सहा ते आठ महिने आधी भरायला सांगतो. उशीर झाला असेल तर या बदलासाठी प्रीमियमची सोय आहे आणि इथे ती बिनदिक्कत वापरा. अर्ज वेळेत पोचला आणि निकाल वाढदिवसानंतर आला तरी चालतं. मधल्या काळात मुलाने देशाबाहेर जायचं नाही. गेला की स्टेटस बदलाचा अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. एफ-१ मंजूर होईपर्यंत कॅम्पसवरची नोकरीही नाही.

दुसरा मार्ग भारतात जाऊन एफ-१ चा स्टॅम्प आणण्याचा. तिथे 'शिकून परत जाणार' हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं, आणि तिसरीपासून अमेरिकेत वाढलेल्या पोराला ते पटवणं कठीणच. सप्टेंबर २०२५ पासून नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच मुलाखत घ्यायची असं धोरण आहे, म्हणून कॅनडा-मेक्सिकोची जुनी फेरीही हिशेबात धरू नका. शक्यतो आतूनच बदला.

तपासा: एफ-१ झाल्यावर इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी राहते का? राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. कॉलेजकडून लेखी उत्तर घ्या. फरक वर्षाला हजारो डॉलरचा असू शकतो.

एफ-१ आधी की आय-४८५ आधी? प्रलंबित आय-४८५ म्हणजे कायमचं राहायचा इरादा जाहीर करणं, आणि एफ-१ त्याच्या उलट्या तत्त्वावर चालतं. म्हणून काठावरच्या मुलाचं एफ-१ आधी मंजूर करून घेणं मला सुरक्षित वाटतं. हा निर्णय मुलाच्या वकिलाशी बोलून घ्या. 'मुलाच्या' असं मुद्दाम म्हणतो, कारण कंपनीचा वकील आधी कंपनीचा असतो.

## टप्पा ५: आय-४८५ चं पाकीट

चार्ट ए वर तारीख करंट झाल्यापासून एक वर्षाच्या आत मुलाने ग्रीन कार्ड 'मागितलेलं' असावं लागतं. सर्वसाधारणपणे याचा अर्थ आय-४८५ भरणं. चार्ट बी वर आधीच भरलं असेल तर ही अट पूर्ण होते, त्याचा एवढा उपयोग नक्की आहे. पण वर्ष आहे म्हणून वर्षभर थांबू नका. तारखा मागेही जातात. चार्ट ए करंट असताना अर्ज आत गेला आणि वय एकविसाच्या आत असेल, तर नंतर तारीख मागे गेली तरी वय सुरक्षित राहतं.

काठावरच्या मुलाच्या बाबतीत नामंजुरीइतकीच भीती पाकीट परत येण्याची. परत आलेला अर्ज भरलाच नव्हता असं धरतात. परत येण्याची कारणं क्षुल्लक असतात:

- फॉर्मची आवृत्ती जुनी. पाठवण्याच्या दिवशी वेबसाइटवर बघा, आणि सगळी पानं एकाच आवृत्तीची हवीत.
- सही राहिली. चौदा वर्षांवरच्या मुलाने स्वतः करायची.
- पैसे चेकने पाठवले. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी अर्जांसोबत चेक आणि मनीऑर्डर सहसा घेत नाहीत. कार्डासाठी जी-१४५०, बँक खात्यासाठी जी-१६५०, आणि प्रत्येक अर्जाचं वेगळं.
- आय-६९३, म्हणजे डॉक्टरांचा सीलबंद तपासणी अहवाल, सोबत नाही. २ डिसेंबर २०२४ पासून तो अर्जाबरोबरच लागतो. लसीकरणाच्या नोंदी आधी गोळा करा. आजीने जपून ठेवलेलं पिवळं पडलेलं लसीचं कार्ड इथे कामाला येतं.

मुलाच्या पाकिटात सीएसपीए हिशेबाचं एक पान वर ठेवा: जन्मतारीख, आय-१४० च्या दोन तारखा, दिवस, बुलेटिनचा महिना, उत्तर. सोबत त्या बुलेटिनच्या पानाची प्रत. अधिकारी स्वतः हिशेब करतोच, पण तुमचा समोर असला की चुकायची जागा कमी राहते.

## टप्पा ६: अर्ज गेल्यानंतर

प्रवास. आईवडील एच-१बी आणि एच-४ वर बाहेर जाऊन येऊ शकतात, त्यांच्या आय-४८५ ला धक्का लागत नाही. एफ-१ वर गेलेल्या मुलाला ही सवलत नाही. ॲडव्हान्स परोल, म्हणजे परत यायची आगाऊ परवानगी, हातात येण्याआधी तो देशाबाहेर गेला तर त्याचं आय-४८५ बुडतं. मावसभावाच्या लग्नाला सगळ्यांची तिकिटं एकत्र काढताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

नोकरीचं कार्ड. आय-४८५ वर मिळालेलं ईएडी वापरून मूल एफ-१ च्या नियमांबाहेर काम करू लागलं, तर एफ-१ संपतं. वय चार्ट ए वर अजून थांबलेलं नसेल तर ते कार्ड कपाटात ठेवा. आय-४८५ पडलं तर खाली एफ-१ असायला हवं.

पत्ता. घर किंवा वसतिगृह बदललं की दहा दिवसांत कळवा, मुलाचा अर्ज वेगळा आहे हे लक्षात ठेवून.

लग्न. मुलाला 'अविवाहित' राहायचं आहे ते अर्ज भरण्याच्या दिवसापुरतं नाही, कार्ड मंजूर होईपर्यंत. साखरपुडा करा, हॉल बुक करा. पण 'कागदोपत्री तेवढं आधी उरकून घेऊ' म्हणून पुण्यात केलेली नोंदणीही लग्नच असते.